सतरावी रांग

न्डोलात, विमानतळाच्या कुंपणाला लागून
म्वापेचं सलून.
गिऱ्हाइकं बसतात सतराव्या रांगेत:
लिलावातल्या तीन खुर्च्या, निळं कापड विटलेलं,
हातातल्या रक्षापात्राचं झाकण
अजून कटकन उघडतं.

पहिल्या उड्डाणाला शाळांना सुट्टी होती.
शेपटीवर मत्स्यगरुड.
म्वापे टायरांत हवा भरायचा
आणि घरी सांगायचा, मी उडवलं.

मग इंधन उधारीवर. मग पगार.
मग एका मंगळवारी
लुसाकाहून विमान आलंच नाही,
फळ्यावर ‘उशीर’
अकरा दिवस तसाच.

आज एक पोरगं, डोकं अर्धं भादरलेलं,
पट्टा आवळून विचारतं,
कधी निघायचं?

म्वापे वस्तरा पुसतो.
चौदा महिन्यांचं येणं आहे अजून.
‘मान खाली घे,’ म्हणतो,
‘वर ढग आहेत.’