बोर्ड बघ गे

धुरळा उडवत बस वळली की
स्टॉपवरच्या बाया मला म्हणायच्या, "बोर्ड बघ गे."
मी कन्नड वाचून सांगायची : खानापूर. नंदगड. हल्याळ.
त्या बुट्ट्या उचलायच्या, नाहीतर परत टेकवायच्या.
इतकाच अर्थ होता तेव्हा,
आपली गाडी आहे की नाही.

घरी मात्र बोर्ड म्हणजे भाकरी.
यल्लोजी मुचंडीकर पेंटर, माझे अप्पा,
शहापुरात गल्लीच्या तोंडाला बसायचे.
लोक टर्पेंटाइनच्या वासावरून दुकान शोधत यायचे,
कारण दुकानाला बोर्ड नव्हता.
विचारलं तर म्हणायचे,
"आचारी कधी पंगतीला बसतो होय?"

शाळेत गुरुजी म्हणायचे फळा.
कन्नडच्या शेट्टर बाई म्हणायच्या करी हलगे,
आणि मला वाटायचं, आता कुणीतरी वाजवणार.
शिपाई दोन्ही म्हणायचा नाही.
बोर्ड म्हणायचा, आणि पुसायचा.

पावसात करंट गेला
की आई भिंतीवरच्या बोर्डाला बुक्की मारायची,
अप्पा टिळकवाडीतल्या बोर्डाला फोन लावायचे.
एकाचं बटण जळलेलं,
दुसऱ्याचा फोन कुणी उचलत नसे.

दहावीला शेजारीण विचारायची,
"बोर्डाचं वरीस न्हवं गे यंदा?"
त्याच वर्षी फर्मान आलं :
साठ टक्के कन्नड, वरच्या अंगाला, ठळक.
अप्पा पट्टी लावून टक्के मोजायला लागले.
मला पडले अठ्ठावन्न.
"दोन टक्क्यांसाठी उतरवतील की तुला,"
म्हणाले, आणि पेढे आणले.

रात्री कुणीतरी डांबर फासून जायचं.
कधी ह्या अक्षरांवर, कधी त्या.
सकाळी दुकानदार दाराशी उभे,
ह्या बाजूचे, त्या बाजूचे, तोंडं सारखीच उतरलेली.
अप्पा बोळा रॉकेलात बुडवत सांगायचे,
"फासणं फुकट. घासायचे तीनशे."

एक गोष्ट फक्त मला नि आईला ठाऊक होती :
अप्पांना कन्नड वाचता येत नव्हतं.
काढता यायचं.
मांजर काढावं तसं ते अक्षर काढायचे,
शेपटीपासून.

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ दोघा गौडा भावांची डेअरी.
लिहायचं होतं हालु, म्हणजे दूध.
ह च्या पोटातलं एक वळण सुटलं,
झालं पालु.
पालु म्हणजे वाटणी.
सात महिने कुणी बोललं नाही.
शेजारी गाय मोठी काढलेली,
लोक गाय वाचत असावेत.

मी सायकलवरून वाचलं, आणि ब्रेक दाबला.
घरी येऊन सांगितलं.
अप्पा डबा-ब्रश घेऊन तसेच पळाले,
तर दुकानाच्या मधोमध
विटांची भिंत कमरेपर्यंत आलेली.
थोरला गौडा म्हणाला,
"असू दे पेंटर, बरोबर लिहिलंस.
आता दोन बोर्ड कर."

दोघांचेही पैसे रोख मिळाले.
अप्पा त्या रात्री जेवले नाहीत.
अंगणात बसून काडीनं मातीत
ह काढत होते, पुसत होते,
मग प, मग परत ह.
मी शेजारी बसून नुसतं बघत राहिले.
हात धरून शिकवावं,
एवढं माझं वय नव्हतं तेव्हा.

पुढं फ्लेक्सचं मशीन आलं.
डब्यांतला रंग डब्यातच दगड झाला.

परवा मी बेंगळूरला निघाले, नोकरीला.
सांबऱ्यापर्यंत अप्पा रिक्षातून आले,
माझी बॅग मांडीवर घेऊन.
बोर्डिंग पास हातात घेऊन उलटासुलटा केला,
म्हणाले, "ह्याला पण बोर्डच म्हणतात होय?
एवढासा?"

आत फक्त तिकीटवाले.
दारावर तीन लिप्यांत लिहिलेलं, प्रवेश.
मधल्या ओळीवर बोट ठेवल्यासारखं
त्यांनी लांबूनच बोट धरलं.
"प न्हवं हा? ह न्हवे?"
"प, अप्पा."
"मग बरोबर हाय," म्हणाले.
"जा."