कुर्ली अशी चलता?

एकोणीस वर्षं मी फळ्यावर मोटर काढतो आहे:
दोन चुंबक, मध्ये कुंडल, बाणांनी दाखवलेला प्रवाह.
एकही कधी उघडून पाहिली नव्हती.

यंदा सातवीने धरून बसवलं.
"सर, गॅदरिंगात समुद्राचो नाच आसा,
तर कुर्ली हलणारी व्हयी. गेल्या वर्षी पुठ्ठ्याची केली.
लोक हसले."

देवगडला स्टँडच्या मागे वाळक्यांचं भंगार.
तिथल्या एका म्हाताऱ्या टेम्पोच्या कपाळातून
आम्ही वायपरची मोटर सोडवली. दीडशे रुपये,
गंज वेगळा, तो फुकट.
रॉकेल पाजलं, टूथब्रशने तिचे दात घासले,
तार टेकवली
आणि ती टेबलावरून उडून माझ्या मांडीवर.
रुबिया किंचाळली.
मीसुद्धा, पण हळू.

पाठ हापूसच्या पेटीच्या फळ्यांची,
त्यातल्या एकीवर कुणा बागायतदाराचं अर्धं नाव.
पाय छत्रीच्या काड्यांचे, डोळे जाळ्याच्या बोयांचे,
आणि पोटात सायकलचं पेडल,
गोल फिरणं घेऊन पुढेमागे ओढणं देणारं.
पुस्तकात हे दोन ओळींत आहे.
आम्हाला अकरा दिवस लागले.
बाराव्या दिवशी बटण दाबलं
आणि कुर्ली निघाली सरळ, नाकासमोर,
थेट मुख्याध्यापकांच्या चहावर.

मागच्या बाकावरचा दुर्वेश तारी,
विज्ञानात बारा-तेरा, हजेरीला नुसती मान हलवणारा,
उठला. म्हणाला, "सर, कुर्ली अशी चलता?"
चाकं काढून त्याने आडवी बसवली.
मग करवत मागितली आणि एक डेंगा कापून लहान केला.
"एक डेंगो मोठो असता.
दोनय सारके, ते चित्रातले."
बॅटरीही त्यानेच आणली, बापाच्या बोटीवरची,
फणसासारखी खांद्यावर घेऊन.
अट एकच: पहाटे चारला परत.

तिसऱ्या गाण्याला लाईट गेली.
स्पीकरने शब्द अर्धाच गिळला,
मासोळ्या झालेल्या मुली एक पाय उचलून तशाच उभ्या,
आणि त्या काळोखात
घर्र-टक. घर्र-टक.
लाईट गेल्याचं कुर्लीला कुणी कळवलं नव्हतं.
कुणीतरी मोबाईलचा उजेड टाकला
तेव्हा शाळेच्या भिंतीवर कौलांपर्यंत
एक डेंगा मोठा, एक लहान,
उघडला. मिटला.
पाचशे माणसं गप्प. एक बाळ तेवढं हसलं.

मग रुबियाने उचललेला पाय
बरोबर त्या 'टक'वर टेकवला.
मग तिच्या बाजूचीने.
मग सगळ्याजणींनी.
वायपरच्या मोटरवर नाचल्या त्या, किती वेळ कोण जाणे.
घड्याळ बघायचं माझ्या ध्यानात नव्हतं,
मी तारेचा सांधा बोटांनी दाबून धरला होता,
आणि तो तापत चालला होता.
लाईट आली. गाणं त्याच अर्ध्या शब्दापासून पुढे सुरू झालं.
कुणीतरी ओरडलं, "बंद करा ता!"

पहाटे जेटीवर आम्ही दोघे.
तारीने बॅटरी जागेवर ठेवली, टर्मिनलला ग्रीस फासलं,
पोराकडे न बघता विचारलं, "उतारली नाय मां?"
"थोडी."
इंजिन खोकलं. परत खोकलं.
मी मनात आकडे मांडले:
बारा व्होल्ट, वायपर किती घेतो, किती मिनिटं,
आणि पहिल्यांदाच त्या गणिताच्या उत्तराची मला भीती वाटली.
तिसऱ्यांदा लागलं.
बोटांना अजून जळक्या तारेचा वास होता.

सोमवारी पुन्हा फळा.
दोन चुंबक, मध्ये कुंडल.
बाण काढत होतो, तर मागच्या बाकावरून
अगदी हळू,
"घर्र..."

खडू न थांबवता मी म्हटलं,
टक.