बेरी

एसेक्समध्ये, क्राउच नदीच्या काठी,
द्राक्षमळ्याच्या लाकडी शेडमध्ये आम्ही सातजण.
प्रत्येकापुढे शार्डनेचे चार ग्लास, एक थुंकायचं भांडं
आणि कागदावर छापलेलं वासांचं चाक:
ग्रेपफ्रूट. ओला दगड. हनीसकल. ब्रियोश.

चेम्सफर्डात एकतीस वर्षं मी गोळ्या मोजल्या,
पाच-पाचच्या ढिगांनी, बोथट सुरीने.
झाकण फिरवताच सांगायचो कुठलं सिरप उतरलंय.
नाक आहे मला. शब्द नाहीत,
म्हणजे या चाकावरचे नाहीत.
हनीसकल पाहिलंय कुंपणांवर,
हुंगायला कधी थांबलो नाही.

वाइन करणारी ब्रॉन्वेन, हातांना डिझेलचा वास,
म्हणते, फिरवा. हुंगा. घाई कसली?

पहिली पोलादी टाकीतली.
जिभेच्या कडांना कैरी लागली,
बाठ न धरलेली, देठाशी चीक असलेली.
मी कागदावर लिहिलं: हिरवं सफरचंद.
भिडस्त माणूस असंच लिहितो.

डेनिसने मर्सी बेटावरून कालवं आणली होती.
सुरीचं टोक फटीत, मनगटाला एक हिसका.
आमच्या खाडीत सुकतीला बायका ती कोयतीने फोडायच्या,
कमरेपर्यंत ओल्या, आमच्या दारावरून जायच्या
न थांबता. थांबून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक,
आणि आमच्याकडे वाऱ्याने वास आला तरी खिडकी लावत.
बासष्टाव्या वर्षी मी पहिलं कालव गिळलं,
त्यावर घोटभर ती कैरी,
आणि ती खिडकी...
नाही, उघडली वगैरे नाही. नुसती आठवली.
कडी पितळेची होती.

दुसरी मला कळली नाही.
शेजारच्या बाई तिला ‘प्रामाणिक’ म्हणाल्या.

तिसरी ओकच्या पिंपातली, दहा महिने मुरलेली.
ग्लास नाकाशी नेला आणि थबकलो.
हे मला येतं!
लोणी कढवून तूप गाळल्यावर
पातेल्याच्या बुडाशी जे खरवडून काढायचं,
तांबूस, रवाळ, जळायच्या जरा अलीकडचं.
बेरी, मी म्हणालो, मोठ्याने.
कुठली? ब्लॅकबेरी? ब्रॉन्वेनने विचारलं,
आणि सगळे चाकावर लाल-काळी फळं शोधू लागले.
फळ नाही हो, फळ नाही.
पण सांगायचं तर आधी दूध लागतं, मग साय,
मग विरजण, मग एक अख्खी रात्र, मग रवी.
विरजणाशी तिने हात वर केला:
थांबा, पिंपात मीही तेच करते की,
आंबट धार मऊ पडेपर्यंत.

शेडच्या मागे गॅसची शेगडी होती.
दुकानातलं बिनमिठाचं बटर, दोन पाकिटं;
त्याला लोणी म्हणताना जीभ कचरली, पण कढलं.
तडतड थांबली. फेस खाली बसला.
तूप कुणालाच नको होतं, ते बरणीत ओतलं.
सातजणांत अर्धा-अर्धा चमचा बेरी,
वर चिमूटभर साखर, आणि तिसरा ग्लास.
छापील यादीत होतं: लॉबस्टर, भाजलेली कोंबडी,
क्रीममधली अळंबी.
यादीकडे कुणी पाहिलं नाही.
डेनिसने पातेलं ओढलं आणि बोटाने पुसून काढलं,
घरातलं शेंडेफळ पुसतं तसं.

चौथी चाखायची राहूनच गेली.
बाहेर भरती चढत होती, चिखल एकेक हात बुडत होता.
ब्रॉन्वेनने माझा कागद मागून घेतला.
पहिलीला खरं काय वाटलं होतं?
मी सांगितलं.
ती पेन्सिल धरून वाट पाहत राहिली.
कैरी. स्पेलिंग?
मीच दोनदा चुकलो.

परतीच्या बसमध्ये बरणी मांडीवर,
विकहॅमच्या फाट्यापर्यंत कोमट.