तिसरा गट

बोरी नदीच्या अलीकडे, कॉलेजच्या मागच्या इमारतीत
चोवीस उंदीर आहेत माझ्या नावावर.
चार पिंजरे, पिंजऱ्यात सहा-सहा,
शेपटीवर मार्करच्या रेघा.

पहिल्या गटाला नुसतं पाणी.
दुसऱ्याला कपाशीवर मारतात ते औषध,
वजनाच्या हिशोबानं, बारीक नळीतून थेट पोटात.
तिसऱ्याला तेच औषध, पण तासभर आधी तिळाचं तेल.
चौथ्याला नुसतंच तेल. ते सहा जण
वऱ्हाडी मंडळींसारखे लोळत असतात.

औषध म्हणते मी. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात.
'हिलाल कुठाय?' 'औषध मारायला गेलाय.'
प्रबंधात त्याचं खरं नाव लिहावं लागतं,
दीड ओळीचं, घरात कुणालाही न वाचता येणारं.

तेल झिपरू चौधरींच्या घाण्यावरचं.
पाव लिटर मागितलं तेव्हा त्यांनी विचारलं,
एवढ्यात भरीत तरी होईल का?
मी म्हटलं, उंदरांसाठी हवंय.
'उंदीरस्ले?'
माप हातातच राहिलं त्यांच्या.
जन्मभर पोत्यांमागून हाकलले त्यांनी,
आणि ही बाई विकत घेऊन पाजणार.
तरी धार तुटल्यावर वरून चार थेंब जास्त घातलेच,
गिऱ्हाईक कोण का असेना.

अठ्ठावीस दिवस.
रोज सकाळी साडेआठला तेल, साडेनऊला औषध.
त्याच सुमाराला माझा भाऊ
दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याचा पंप पाठीवर घेऊन
वाऱ्याची दिशा बघत असतो.
पंपामागे पैसे मिळतात, म्हणून वारा फिरला तरी तो थांबत नाही.
तोंडाला रुमाल. हातमोजे मी आणून दिले होते,
ते घामानं आत चिकटतात म्हणून
गोठ्याच्या खुंटीला, दोन पंजे खाली लोंबत.

पुस्तकात यकृत,
खाटकाकडे कलेजी,
आईच्या तोंडी काळीज.
तिन्ही शब्द मी एकोणतिसाव्या दिवशी
एकाच ट्रेमध्ये ठेवले.
पहिल्या गटाचं गडद, गुळगुळीत, ओल्या विटेसारखं.
दुसऱ्याचं फिकट, सुजलेलं, वर ठिपके.
तिसऱ्याचं
पहिल्यासारखं नाही.
दुसऱ्यासारखंही नाही.
मी पुन्हा एकदा पाहिलं. गाईडना बोलावलं.
ते म्हणाले, छान आलंय.

रात्री कळण्याच्या भाकरीवर आई कच्चं तेल ओतत होती
तेव्हा मी घरात सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित.
हिलालचा घास हातात.
'तिसरा गटना वाचनात ना मंग?'
यकृत वाचलं, मी म्हटलं, बऱ्यापैकी.
'आनि उंदीर?'

उंदीर कसे वाचतील.
आत बघायचं तर सगळेच कापावे लागतात,
पाण्यावरचेसुद्धा, वऱ्हाडीसुद्धा.
हे मी बोलले नाही. त्यानं ताटाकडे बघितलं,
चटणीत बोट फिरवलं, मग सहज विचारावं तसं,
'मी कोनता गटमा शे?'

विजेच्या बिलामागे मी त्या रात्री गणित केलं.
अठ्ठावन्न किलो. किलोमागे पाच मिली.
उत्तर आलं पेला भरून, वर आणखी थोडं.
उंदराचं गणित माणसाला असं सरळ लागत नाही,
हे मीच शिकवते दुसऱ्या वर्षाच्या पोरांना.
शिवाय उंदराचा डोस ठरलेला होता.
वाऱ्याचा कुणी मोजलाय?

तरी सकाळी तो ओट्याशी उभा,
वाटी तोंडाला लावलेली, डोळे मिटलेले.
मी घड्याळ बघितलं. आठ वाजून पस्तीस.
एक तास थांब, म्हणाले.
तो हसला. मिशीला तेल.
'आज अठरा पंप शेत.'

आईनं बाटली उजेडाकडे धरली,
किती उरलंय ते पाहिलं,
आणि खुंटीवरचे हातमोजे
त्याच्यामागे रस्त्यापर्यंत घेऊन गेली.