कारण (एका ओळीत)

कामठीच्या लष्करी दवाखान्यातला फॉर्म गुलाबी आहे.
नाव : हवालदार गुणवंत निखारे, निवृत्त.
वय : एकसष्ट.
त्रासाचं कारण : आणि पुढे एकच ओळ,
पेनाच्या टोपणाएवढी.

बाबा बाकावर, पाठ भिंतीला लावून,
दोन्ही दारं दिसतील अशा बेतानं.

मी लिहिते, स्फोट.
मग खोडते.
स्फोट तर त्यांना पोरपणापासून ठाऊक.
गिट्टीखदानला राहायचे.
दुपारी खदानीत सुरुंग उडाला
की त्यांची माय भाकरी थापायला घ्यायची.
पत्रे थरथरायचे, पोरांना भूक लागायची.
त्या आवाजाचा अर्थ तेव्हा जेवण होता.

मग बाप लिहू?
मिलमधून काढल्यापासून आजोबांचा हात
रोज संध्याकाळी रिकामा असायचा.
बाबा खाटेखाली पडून स्वतःचा श्वास मोजायचे.
हे मला आत्यानं सांगितलं,
मारबतीच्या मिरवणुकीत, हसत हसत.
म्हणजे सरहद्दीच्या कितीतरी आधी
कोणीतरी आत खड्डा खणून ठेवला होता.

साडेसतराव्या वर्षी भरती. मिसरूड नव्हतं.
पुढे एकदा अकरा महिने एकाच चौकीवर,
झोप दोन-दोन तासांची, तीही बूट घालून.
हे कारण, की नुसता हजेरीपट?

आणि दाढ?
दाढ कुठे लिहायची?
त्या रात्री बाबांची दाढ ठणकत होती.
लवंग दाबून पडले होते.
पालमपूरचा बिशंबर म्हणाला,
"सो जा, निखारे. तेरी ड्यूटी मैं कर लूँगा."
पहाटे त्याचं जे सापडलं
ते बाबांनीच गोळा केलं, घोंगडीत.
मोजताना एक हातमोजा कमी भरला.
आमच्या घरी लवंग येत नाही.
पाहुणे म्हणतात, रस्सा झणझणीत आहे,
पण काहीतरी राहिलं.

सुट्टीवर आले तेव्हा अजनी स्टेशनावर हार घातले.
काका विचारत राहिले, "किती उडवले बे?"
झोपला का, हे कोणी विचारलं नाही.
आईनं विचारलं असतं,
पण लग्नाला चारच महिने झाले होते,
आणि नवरा तिला फक्त पत्रातून माहीत होता.

नागपूरचा उन्हाळा त्यांना मानवतो.
सेहेचाळीस डिग्रीत अख्खं शहर तडफडतं
आणि कूलरच्या घरघरीत बाबा घोरतात.
दिवाळीआधी आई कूलरला पोतं बांधते,
मग घरातला एकेक खिळा ऐकू येऊ लागतो.
पारा आठावर उतरला की ते तीनला उठतात,
गच्चीवर जातात, पाण्याच्या टाकीआडून
झोपलेली कॉलनी राखतात.
खाली कुत्रं भुंकलं, की किती वेळ भुंकलं
हे सकाळी मला सांगतात, मिनिटांसकट.

मागच्या जानेवारीत मी कूलर सुरू ठेवला,
पाणी न घालता, नुसता आवाजासाठी.
दोन रात्री झोपले.
तिसऱ्या रात्री मोटर जळाली.

मी कोरा कागद जोडून सगळं लिहिते,
खदान, खाट, अकरा महिने, हातमोजा, हार.
खिडकीतली बाई टाचणी काढून परत देते.
"ज्यादा कागद नाही चालत, ताई. एका ओळीत लिहा.
कॉम्प्युटरमध्ये एकच खाना आहे."

मी बाकाकडे वळते.
"बाबा, काय लिहू?"
ते दाराकडे बघतात, मग दुसऱ्या दाराकडे.
हात गालाकडे जातो, थांबतो.
"लिही," म्हणतात, "दाढदुखी."

बाई हसली. चूक तिची नाही.
मी लिहिलं.
ओळीत बसलं.
थोडी जागा उरली पण.