बेचाळीस तुकडे

दांडिया बाजारातल्या मराठी शाळेत
मी लिहिलं होतं: अ अधिक ब, कंसाचा वर्ग,
बरोबर अ वर्ग अधिक ब वर्ग.
किती नीटस दिसत होतं ते.
खानविलकरसरांनी लाल फुली मारली,
दोन अब विसरलीस, शंभरदा लिही.
शंभरदा लिहिलं.
पुढच्या चाचणीत परत विसरले.

बाबा तेव्हा रावपुऱ्यात
जशुभाईंच्या फरसाणाच्या दुकानी हिशेब लिहायचे.
शाळा सुटली की मी तेलाच्या डब्यावर बसून.
जशुभाईंनी फुली पाहिली. "शुं लख्युं छे?"
बाबांनी वाचून दाखवलं.
"अक्षर नहीं, आकडो बोल."
मी म्हटलं, सात. आणि तीन.

त्यांनी हात पुसले, चौकोनी ताट ओढलं,
खमण अजून वाफेत.
दहा ओळी उभ्या, दहा आडव्या.
"केटला?" शंभर. "अने तारा?"
एकोणपन्नास नि नऊ. अठ्ठावन्न.
"तो बेतालीस कोण खाई गयुं?"
गिऱ्हाइकं हसली.
बाबांनी मान वहीत घातली.

मग सातव्या रेघेवर सुरी
एकदा उभी फिरली, एकदा आडवी,
आणि भाग जरासे सरकवले.
मोठा चौकोन माझा. कोपऱ्यातला छोटा, तोही माझा.
दोघं नुसते टोकाला टोक लावून उभे,
केवढी जागा मोकळी सोडून.
आणि त्या जागेत
दोन पट्ट्या, एक उभी, एक आडवी,
सात गुणिले तीन,
मोहरी, मिरची, कोथिंबीर अंगावर घेऊन
तिथंच होत्या की. पहिल्यापासून.

दोन अब.

एक पट्टी मी एकटीनं संपवली.
एकवीस तुकडे. रात्री पोट दुखलं.

आता वाघोडिया रोडवर आठवीला शिकवते.
दर वर्षी वर्गात बेचाळीस तुकडे गहाळ होतात.
फुली मारत नाही. फळ्यावर ताट काढते
आणि विचारते, कुणी खाल्ले?

घनाचं तेवढं राहिलं.
मी त्याच दिवशी विचारलं होतं, आणि घन?
जशुभाई म्हणाले, त्याला खोल भांडं लागेल,
सोमवारी ये.
त्या सोमवारच्या आत बाबांनी ती नोकरी सोडली.
का, ते घरात कुणी बोललं नाही.

तीन अ वर्ग ब, तीन अ ब वर्ग:
झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगेन.
पाठ आहे.