पाणी किती आहे

आजा रोज सकाळी विचारायचा, पाणी किती आहे?
मी सांगायचे, भरपूर.
खुंटाला लागलंय?
खुंट बुडालाय आजा, नुसतं टोक दिसतंय.
आणि पक्षी?
आलेत की. गुलाबी. एका पायावर.

खोटं बोलायला मी नवव्या वर्षी शिकले.
त्या साली तळं डबक्याएवढं उरलं,
मासे कुशीवर पडले, वास महिनाभर हटेना,
आणि आज्याच्या डोळ्यांत मोती पिकले, दोन्ही एकदम.
आई म्हणाली, चला, एवढं एक दुःख त्याला कमी.
तेव्हापासून मी त्याच्या डोळ्यांत धूळ फेकत आले.
धूळ पुष्कळ होती. तळ्याचीच.

परवा ओरुरोहून डॉक्टर आले, शाळेत.
बाकं जोडून टेबल केलं, फळ्यावर पाढे तसेच राहिले.
आज्याच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर
चिकटपट्टी लावून नर्सनं लिहिलं:
सतरा. एव्हारिस्तो. हा.
हा म्हणजे हा डोळा.
बारा मिनिटं लागली. मी बाहेर बसून
उकडलेल्या बटाट्यांची सालं काढली, खाल्ला एकही नाही.
आत बसवलेलं भिंग मसुराएवढं, असं नर्स म्हणाली.
तेवढ्यात काय काय मावतं, ते मी विचारलं नाही.

रात्रभर पट्टी. रात्रभर मी जागी.
पळून जावंसं वाटलं,
पण काठीचं दुसरं टोक कोण धरणार?

सकाळी त्यानं आधी नर्सचं नाक पाहिलं,
मग स्वतःची नखं, मग मला, बराच वेळ.
"अगदी आत्यावर गेलीस गं," म्हणाला,
जरा नाराजच.

ट्रकमधून तो काठावरच उतरला.
काठ म्हणजे जिथे काठ होता.
पांढरं मीठ, नजर पोचेल तिथवर,
मधोमध आमची पत्र्याची होडी,
होडीत कुणाची तरी मेंढी.
मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"चार वर्षं पायाखाली कुरकुर वाजतंय, फ्लोरिंदा.
पाणी असं वाजत नाही.
तरी वाटायचं, मध्ये कुठेतरी थोडं असेल."
मग टोपी मागे सारून म्हणाला,
"पक्षी मात्र छान सांगायचीस."

थेंब घालायची वेळ झाली होती.
मी एक सोडायचा, दोन सोडले.
"डावा डोळा अजून बाकी आहे," तो म्हणाला,
"पुढच्या साली करतील.
तोवर त्या बाजूनं मी विचारीन.
तू सांगत जा."